कॉलम भरायला किती दिवस लागतात

३ जून

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच. ते ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, ते तू ठरव.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्या वाक्याला तुझ्या सासूबाई माझ्या हातातून फोन काढून घेतात. 'बाबा, जे सांगायचं ते लिहून कळवा,' असं गेल्या खेपेला तूच म्हणालीस. म्हणून हा खटाटोप. अक्षर लागलं नाही तर सोडून दे, महत्त्वाचं असं मी फारसं लिहीत नाही.

भिंगरी मजेत आहे. आमच्याकडे सुट्टीला आल्यापासून घरभर माझ्या चपला घालून फिरते, त्यामुळे मला बाहेर जायचं झालं की आधी नात शोधावी लागते आणि मग चपला. समोरचा एक दात पडला. त्या फटीतून शीळ घालायला शिकली आहे आणि ती शीळ ऐकून आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा खाली येऊन गेले.

आता मुद्दा. तिला दहा तारखेपर्यंत तुझ्याकडे आणून सोडायचं ठरलं होतं. पंधराला तिची शाळा. तारखा मला पाठ आहेत, तेव्हा आठवण करून देणारं उत्तर नको. अडचण माझ्या रजेची आहे. कॉलम बिघडलाय.

आपल्या औषध कारखान्याच्या मोठ्या दालनातला तोच, बारीक दाण्यांनी भरलेला, पुरुषभर उंचीचा काचेचा नळा. तू नोकरी सोडून गेलीस तेव्हा झकास चालत होता. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, लिहिलं की माझं डोकं ठिकाणावर राहतं. वरून मिश्रण सोडलं की गोळा होऊन चिकटलेलं प्रथिन आधी खाली येतं, कारण ते मोठं, त्याला दाण्यांच्या भोकांत शिरता येत नाही, ते बाहेरच्या बाहेर निघून जातं. सुटं, धडधाकट प्रथिन लहान. ते भोकाभोकांत शिरत, रेंगाळत मागून येतं. आधीचं फेकायचं, मागचं औषधाला ठेवायचं. आलेखावर दोन डोंगर आणि मधे स्वच्छ दरी. ही दरी कॉलमच्या दाण्यांवर अवलंबून. ते वरपासून खालपर्यंत सारखे बसलेले हवेत. कुठे सैल, कुठे घट्ट झाले की पाणी सैल जागेतून पुढे पळतं, बाकीचं मागे राहतं, आणि चांगलं-वाईट एकाच वेळी दारात येऊन उभं राहतं.

आत्ता तेच झालंय. दाणे खचून वरच्या दट्ट्याखाली बोटभर पोकळी पडली आहे. दरी बुजली. ते गोळा झालेलं प्रथिन रोग्याच्या शिरेत गेलं तर साधा ताप भरून भागलं म्हणजे नशीब. मी दट्ट्या खाली दाबून पाहिला. एक दिवस बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या, वर पंपावरचा दाब वाढला तो वेगळाच. आता सगळं उपसून नव्यानं भरणं आलं. ही बॅच निघेपर्यंत विभागाच्या बाई मला सोडणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तेव्हा चार दिवस इकडचे तिकडे होतील.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत. त्यांनी भिंगरीला नवं दप्तर आणलं. जुन्याचा पट्टा तुटला होता म्हणून. बाकी काही नाही.

बाबा

९ जून

सूनबाई,

उत्तर मिळालं. चार ओळी. तीन कॉलमच्या आणि एक भिंगरीची. तुला कशाची काळजी जास्त, असा प्रश्न माझ्याजागी दुसऱ्या सासऱ्यानं विचारला असता. मी विचारत नाही, कारण मला त्या तीन ओळींतला तुझा डाव कळतो. कॉलम लवकर नीट व्हावा म्हणजे म्हाताऱ्याला सबब उरणार नाही.

'दट्ट्या दाबू नका, दबलेले दाणे चपटे होतात आणि पुन्हा उघडत नाहीत.' हे वाक्य मी तुला शिकवलेलं, आणि आता तू मलाच ऐकवतेस. तू आधी माझ्या हाताखाली आलीस आणि मग घरात. पहिल्या आठवड्यात तू कॉलम भरताना थांबून थांबून, थोडे थोडे दाणे ओतत होतीस. मी ओरडलो, तर तू म्हणालीस, 'मग करून दाखवा.' आमच्या चिरंजीवांना ही गोष्ट मी जेवताना सांगितली आणि तो दुसऱ्या दिवशी डबा पोचवायच्या निमित्तानं कारखान्याच्या दारात. मी तोपर्यंत जन्मात डबा विसरलो नव्हतो.

असो. तू लिहिलंस तसंच केलं. दाणे तीन वेळा धुतले, वर तरंगणारा चुरा दर वेळी ओतून टाकला. तो ठेवला तर तळच्या जाळीत जाऊन बसतो आणि दाब चढतो, हे दट्ट्याच्या भानगडीत मी विसरलोच होतो. मग दाट ढवळून एका दमात, काचेच्या कडेनं ओतलं. वर जागा न सोडता बफर, म्हणजे आपलं क्षारांचं पाणी, भरला आणि चालवताना लागतो त्याहून जास्त वेगानं पाणी सोडून बसू दिलं. लांब्या बाजूला उभा राहून बघत होता. दहा वर्षं माझ्या हाताखाली आहे, तरी कॉलम भरताना अजून श्वास रोखून बघतो. दाणे असे एकसारखे बसले की काचेतून रेघ मारल्यासारखी कडा दिसत होती.

आणि मग माती झाली. बफर कोल्ड रूममधून आणलेला, तो तसाच वापरला गेला. दालनात उकाडा. थंड पाण्यात मुरलेली हवा ऊब लागली की सुटते. दुपारपर्यंत काचेतून बुडबुडे दिसायला लागले आणि संध्याकाळी दाण्यांमध्ये आडवी भेग. आतला बुडबुडा काही केल्या निघत नाही, पुन्हा सगळं उपसावं लागतं. वय झालं, दुसरं काय. बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. पंधरा तारीख हुकेल असं दिसतं. पहिल्या आठवड्यात शाळेत शिकवतात तरी काय, पुस्तकांना कव्हरं घालतात. भिंगरीला मधे जराशी कणकण होती, आता नाही. रविवारी तुझा फोन आला तेव्हा ती झोपली होती. तुझं नाव काढते अधूनमधून.

बाबा

१४ जून

सूनबाई,

मला खोटारडा म्हणायला तुला दोन ओळी पुरल्या. 'बाबा, थंड बफरनं कॉलम भरणारा माणूस तुम्ही नव्हे. भिंगरीला माझ्यापर्यंत येऊ दिलं जात नाहीये, ते सरळ लिहा.' आणि खाली, वीस तारखेपर्यंत आणली नाही तर तू स्वतः येशील, ही धमकी.

कॉलमला भेग पडली आहे. बाईंनी पाहिली, लांब्यानं पाहिली, झाडायला येतात त्या मावशींनीसुद्धा पाहिली आणि विचारलं की हे फुटलं का. माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर ये आणि बघ. नको, येऊ नकोस. इथल्या दारात तुम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिल्यात तर काय होईल ते मला माहीत आहे आणि मधे पोर असेल.

तू मला तीस वर्षांचा कॉलमवाला समजून चालली आहेस. तिशी-पस्तिशीच्या उमेदीत मी ही चूक केली नसती, कबूल. पण गेल्या दोन वर्षांत मी काय काय विसरतो याची तुला कल्पना नाही. मुलगा गेला त्या दिवसानंतर मी घराची किल्ली तीनदा हरवली. एकदा तर त्याच्या जुन्या ऑफिसच्या रस्त्यानं चालत गेलो, त्याला घ्यायला. तू तेव्हा इथे नव्हतीस. सहा महिन्यांत तू दुसऱ्या गावी नोकरी धरलीस, पोरगी नेलीस, त्याची पुस्तकं नेलीस, घड्याळ नेलंस. आमच्याकडे त्याचा फोटो राहिला आणि त्याचं औषधांचं कपाट, ते रिकामं करायचं कोणाच्या हातून होत नाही. मी तुला त्या वेळी एका शब्दानं अडवलं नाही. तुझ्या सासूबाईंनी अडवलं, तर मी त्यांनाच गप्प केलं. याचं तरी स्मरण ठेव.

भिंगरीला इथे काय कमी आहे, ते सांग. मुलांत रमली आहे. शेजारच्या रस्त्यावर शाळा आहे, तिथे परवा आजी-नात जाऊन आल्या, नुसत्या बघायला. पटांगण मोठं आहे म्हणे. भिंगरीला झोका आवडला.

इथेच थांबतो. पुढे लिहिलं तर नको ते लिहून बसेन.

बाबा

१७ जून

सूनबाई,

तुझं उत्तर आलेलं नाही, येणारही नाही बहुधा. तरी हे लिहितो. गेल्या पत्रात मी भेग खरी आहे म्हणून छाती ठोकून सांगितलं. भेग खरी आहे. पण विसरून पडलेली नाही. ती मी पाडली.

त्या सकाळी निघताना भिंगरी दारात येऊन म्हणाली, 'आजोबा, लवकर या.' दोन वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी बाहेर पडलो की तुझ्या सासूबाई आतून कडी लावतात, ती मला जिन्यात ऐकू येते, तेवढाच आमचा निरोप. मी वाटभर ते तीन शब्द घोळवत गेलो. दालनात पोचलो तर सगळं तयार. दाणे धुतलेले, काच घासलेली. दाणे चांगले बसणार हे मला दिसत होतं, एवढी वर्षं केल्यावर ढवळतानाच हाताला कळतं. ते बसले की दोन दिवसांत बॅच बाहेर, बॅच बाहेर की रजा, रजा मिळाली की भिंगरी तुझ्याकडे. मी मनातल्या मनात तुझंच उत्तर वाचत होतो. कॉलम भरायला किती दिवस लागतात ते तुला ठाऊक, त्यात थाप मारायची सोय नव्हती.

बफरचा डबा कोल्ड रूममधून नुकताच आणलेला होता. हात लावला तर झोंबला. लांब्या म्हणाला, 'काका, हा दालनात ठेवून मग हवा काढायची ना?'

'सकाळीच काढलाय बाहेर, चालेल,' मी म्हटलं.

त्याचा हात डब्यावरच होता, सूनबाई. त्यालाही तो थंड लागत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डबा उचलून दिला, कारण सांगणारा मी होतो. मग आम्ही दोघांनी मिळून इतका सुंदर कॉलम भरला की मला स्वतःचीच किळस आली. पाणी सोडून मी काचेसमोर स्टूल घेऊन बसलो आणि पहिला बुडबुडा दिसायची वाट पाहिली. तो दिसल्यावर मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं ते वाटलं.

कॉलमच्या रांगेत थांबलेलं प्रथिन कोल्ड रूममध्ये होतं. ते फार दिवस टिकत नाही, नुसतं थांबून राहिलं तरी आपसात चिकटत जातं. बाईंनी काल तपासायला लावलं, आणि ते वाया गेलं होतं. सगळं मोरीत ओतलं. ओतताना मी उभा होतो. दिसायला साधं पाणी. ज्यांच्या शरीरात ते बनत नाही त्यांच्यासाठी ते महिन्याचं जगणं होतं. हॉस्पिटलांना आता काय सांगणार, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'आहे त्या साठ्यात भागवतील, काका. बहुतेक.' त्या 'बहुतेक'नं माझी झोप उडवली आहे.

मग त्यांनी मला खोलीत बसवून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या की तुम्ही थकलात, हवी तेवढी रजा घ्या, कॉलमचं आम्ही बघतो. रजा मिळू नये म्हणून जे केलं त्याचीच ही बक्षिसी. मी मान डोलावली. मुलगा गेलेला थकलेला म्हातारा, एवढं म्हणून लोक सोडून देतात हे मला माहीत झालंय, आणि मी ते वापरलं.

आता घरातलं लिहितो. भिंगरीला ताप आला नव्हता. त्या रविवारी ती झोपली नव्हती. फोन वाजला, त्यावर तुझं नाव दिसलं, तशा तुझ्या सासूबाई तिला न्हाणीघरात घेऊन गेल्या आणि नळ मोठा सोडला. मी फोनसमोर बसून होतो. तो वाजायचा थांबेपर्यंत मी हललो नाही असं नाही, एकदा हात पुढे केला होता. मग तुला ती झोपल्याचं सांगितलं ते दुसऱ्या फोनला.

त्या शाळेत नाव घालायला आईची सही लागते. तिथल्या कोणीतरी तुझ्या सासूबाईंना सुचवलंय की आई मुलीला सांभाळायला असमर्थ आहे असं आजोबांनी लिहून द्यावं, म्हणजे काम होईल. त्या रोज संध्याकाळी माझ्यासमोर कोरा कागद आणून ठेवतात आणि स्वयंपाकघरात जातात. मी अजून लिहिलेलं नाही. 'अजून' हा शब्द चुकून पडलेला नाही, तुला खरं कळावं म्हणून ठेवलाय.

काल भिंगरी माझ्या पाठीवर लोळत होती. एकदम म्हणाली, 'आई माझ्यावर रागावली का?' तिनं पुन्हा विचारलं नाही. उठून माझ्या चपला जागेवर ठेवल्या, आणि तेव्हापासून तिनं त्या घातलेल्या नाहीत.

बाबा

२० जून

सूनबाई,

तू निघणार असशील तर निघू नकोस. हे पत्र कुरियरनं पाठवतोय, उद्या पोचेल. परवा मी तिला घेऊन येतो. सकाळच्या गाडीनं निघालो की दुपारी तुझ्या थांब्यावर. तिथेच ये, घरी नको.

बाईंना सगळं सांगितलं. सांगायचा पराक्रम मी आपणहून केला असं समजू नकोस. लांब्याला त्यांनी जाब विचारला होता की डबा थंड आहे हे तुला कळलं कसं नाही, आणि तो म्हणे नुसता खाली बघत उभा राहिला. माझं नाव घेईना. त्याच्या बायकोनं मला फोन केला, भांडायला नाही, काकांची तब्येत बरी आहे ना हे विचारायला. मग मी गेलो. बाईंनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, 'मला वाटलं होतं तुम्ही विसरलात.' विसरणारा माणूस त्यांना चालला असता. कॉलमला पुन्हा हात लावू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलंय आणि मीही त्यांच्या जागी तेच ठरवलं असतं. लांब्यानं काल नव्यानं भरला. बफर दोन दिवस दालनात ठेवला, हवा काढली, दट्ट्या दाण्यांना जेमतेम टेकवला. चाचणीला म्हणून थोडं अ‍ॅसिटोन सोडून पाहिलं तर आलेखावर मधोमध सरळ सुळका, ना पुढे कललेला ना मागे शेपूट. दोन्ही डोंगर अलग आले. माझ्याशिवाय काही अडत नाही, हे एकदा नक्की झालं.

तुझ्या सासूबाईंना सांगणं जास्त अवघड होतं. कोरा कागद समोर होता, तो मी चौघडी करून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, परवा भिंगरीला पोचवून येतो. मला वाटलं आदळआपट होईल. त्या भांडी पुसत होत्या, पुसत राहिल्या.

'पोचवा,' त्या म्हणाल्या. 'तुम्हाला जमतं. त्यालाही तुम्हीच पोचवून आलात.'

त्या दिवशी त्यांना स्मशानात येऊ दिलं नव्हतं, आणि 'तू नको येऊस' म्हणणारा मीच होतो. तुलाही मीच थांबवलं होतं. तुम्ही दोघी त्या दिवशी एकाच खोलीत, एकाच पलंगावर बसून होतात, हे मला आज आठवलं. तुम्हाला एकमेकींचा राग यायला तेव्हा अजून अवकाश होता.

संध्याकाळी त्यांनी भिंगरीचे कपडे इस्त्री करून भरले. एकेक कपडा उलटा करून शिवणी तपासल्या, दोन ठिकाणी टाके घातले. मी मदत करू का विचारलं तर म्हणाल्या, सरका. भिंगरीला मी सांगितलं की आई रागावलेली नाही, रागावली होती ती माझ्यावर. ती म्हणाली, 'का?' मी म्हटलं, मी कॉलम खराब केला. तिला ते पटलं.

बाबा

२५ जून

सूनबाई,

पोचलो. पाय सुजलेत, बाकी ठीक.

त्या दिवशी थांब्यावर तू जे पाहिलंस त्यात मी काही भर घालावी असं नाही, पण तुझं तोंड तिच्या केसांत होतं, त्यामुळे सगळं तुला दिसलं नसेल. गाडीतून उतरेपर्यंत तिचं बोट माझ्या हातात होतं. तू रस्त्याच्या पलीकडे दिसलीस आणि ते बोट सुटलं. मी दप्तर, पिशवी सांभाळून उभा राहीपर्यंत ती तुझ्यापाशी होती. मागे एकदाही वळली नाही. तुझ्या खांद्यावर बसल्यावरसुद्धा तुझ्या कानातलं ओढत बोलत होती, किती बोलत होती. इतकी बडबड तिनं आमच्याकडे शेवटच्या आठवड्यात केली नव्हती. मला वाटत होतं ती शहाणी झाली आहे.

घरी चला म्हणालीस. मी परतीच्या गाडीची घाई सांगितली. गाडीला बराच अवकाश होता, मी स्टँडवर बाकड्यावर बसून काढला. हेही खोटंच, पण लहानसं आहे, जमलं तर माफ कर. तुझं घर बघायची छाती झाली नाही. त्याचं घड्याळ भिंतीवर असेल, पुस्तकं असतील.

'बाबा, पुढच्या सुट्टीला मी तिला पाठवणार नाही.' हे तू रागानं म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो, भांडायची हौस मला कमी नाही. पण तू माझी पिशवी हातात घेऊन, पाण्याची बाटली आत नीट ठेवत, हळूच म्हणालीस. मी बरं म्हटलं. गाडीत बसल्यावर मला किती तरी उत्तरं सुचली, आणि त्यातलं एकही मी तुला ऐकवू शकेन असं नाही. थंड बफर भरणारा माणूस मी नव्हे, असं तू लिहिलं होतंस. तुझा माझ्यावर तेवढा भरवसा होता, तो मीच घालवला. पुढच्या सुट्टीला नाही, त्याच्या पुढच्याही नाही, असं तुझ्या मनात असेल तरी मला लिहू नकोस. मी विचारणार नाही.

घरी आलो तर तुझ्या सासूबाई खिडकीपाशी बसलेल्या. ताट वाढलं, पाणी दिलं, काही विचारलं नाही. भिंगरीची गादी गुंडाळून माळ्यावर गेलेली होती. मी जेवलो, भांडी घासली. त्या तशाच बसून. मी दिवा लावायला उठलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

'रडली का?'

सूनबाई, मी गेला महिनाभर खोटं बोललो. तुझ्याशी, बाईंशी, लांब्याशी. त्यातलं एकेक निस्तरताना कॉलम गेला, नात गेली, आणि पुन्हा खोटं बोलायचं नाही असा गाडीत मी कानाला खडा लावून घेतला होता. ती धावत गेली आणि तिनं वळून पाहिलं नाही, एवढं खरं खरं सांगायचं होतं. दोन वर्षं ह्या बाईनं कोणासमोर डोळ्यांतून टिपूस काढलेलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

'हो,' मी म्हटलं. 'फार रडली. मला सोडेचना.'

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग रडल्या, अंधारात, मोठ्यानं, मुलाचं नाव घेऊन. मी दिवा लावला नाही. बऱ्याच वेळानं उठल्या, तोंड धुतलं, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि जेवल्या.

त्या तुला कधी फोन करतील असं मला वाटत नाही. पण केलाच, आणि हेच विचारलं, तर तू तेच सांग.

बाबा